चार मिनिटांची आई

...आन् वर मलाच म्हणत्यात, 'गप खाली बस, तुला पिच्चर बगायची अक्कल न्हाय!' मला! अहो, तुमाला सांगतो, त्या मोठ्या पुरस्काराला ह्या वर्साला पाच पिच्चर निवडलं, त्यातलं चार मी सबंध बगितल्यात, शेवटच्या पाट्या सरकून चहावाल्याचं नाव येतं तितंपतूर, आन् मला अक्कल कोण शिकवतंय? दादासाहेब! आमच्या गावचं पुढारी, ज्यांनी हयातीत एक पिच्चर पुरा बगितला न्हाय, कारण मधीच उठून 'जरा काम हाय' म्हणून निघायचं असतं, त्याबिगर माणूस मोठा कसा दिसंल? पण असू द्या. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्साला सोडून घरी बसलेला गडी... आपल्याला काय कळतंय पिच्चरमधलं!

तरी सांगतो. पहिल्या पिच्चरमदी पुण्याचा एक रिटायर म्हातारा हाय. बायको गेलीय. गॅलरीत बसून चहा पितो, संपला की आत जातो, परत चहा करतो, परत येतो. दोन तास! मी मोजलं, अकरा कप! पोरगा परदेशातनं फोन करतो तर ह्यो बोलत न्हाय, नुसता कुंडीकडं बगतो. अरं बोल की बाबा, त्यो तिकडनं रातीचा जागा राहून फोन करतोय! पेपरात लिवलंय, 'काय ती शांतता!' आमच्याकडं डीपी जळून लाईट गेली की अशी शांतता आठ-आठ दिवस असती, आमाला कुणी फुल ना फुलाची पाकळी दिली न्हाय.

दुसरा इतिहासाचा. मानसं सपासप पडत्यात, घोडं पडत्यात, बुरूज पडतोय, पण हिरोच्या फेट्याची घडी मोडंल तर शपथ. तिसरा काळापांढरा, त्यात एक शेळी हाय. शेळीनं काम चांगलं केलंय. बाकीचं नुसतं उभं हायत.

आन् चौथा... चौथ्याचं नाव काढलं की माझं डोस्कं फिरतं. त्यात हिरो ऊसतोड कामगार. मोठा नट, महिनाभर भाकरी खाऊन वजन उतरवलं म्हणं. फडात उतरला, कोयता उचलला, मागं बासरी वाजाया लागली, आन् ह्या भाद्दरानं ऊस तोडला कुठनं? कमरंपासनं! मधनं! अहो, उसाची सगळी गोडी बुडक्यात, बुडाला जमिनीलगत घाव घालायचा असतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरगं सांगंल! सोमेश्वरनगरला ऊसतोड्यांच्या तळावर एक सकाळ जाऊन उभा राहिला असता तर कुठल्याबी बाईनं हातातला कोयता काढून घेतला असता, 'सर बाजूला लेकरा, पुढच्या वर्साचा खोडवा नासवतोस!' आन् नखं बगा त्याची, नखं! परीक्षेला बसल्यागत स्वच्छ! हे मी अप्पाला, म्हंजी आमच्या बापाला, दावलं तर अप्पा म्हणला, 'मोठ्या मानसांनी काढलाय, काहीतरी इचार केला आसंल.' हे आमच्या बापाचं तत्त्वज्ञान. मोठ्या मानसानं ऊस मधनं तोडला तर त्याचा इचार, आन् मी बुडाला तोडला तर माझा आडमुठेपणा... आपल्याला काय कळतंय पिच्चरमधलं!

ऱ्हायला पाचवा. त्याचं नाव 'वाढं'. उसाचा वरचा हिरवा शेंडा असतो न्हवं, जनावराला घालायचा, त्यो. ह्यो पिच्चर आमच्या वरकुट्यात काढलाय. तीन वर्सांमागं पुण्यावरनं वृषाली मॅडम आल्या, धा-पंधरा पोरं, दोन कॅमेरे, छत्र्या. सगळ्या गावानं इस्त्रीचे कपडे घालून रांग लावली. दादासाहेबांनी तर केस काळं केलं. आन् मॅडमनी सगळ्या गावातनं एकच माणूस उचललं. आमची आई. जयवंता. बांधावरनं वाढ्याचा भारा घेऊन चालली हुती, मॅडम म्हणल्या, 'मावशी, उद्याही अशाच याल?' आई म्हणली, 'उद्या म्हशी उपाशी ठिवीन का? येणारच की.'

तिला चार मिनिटं चालायचं हुतं, कॅमेऱ्याकडं, सलग. सतरा वेळा चालवली तिला. गुडघं तिचं आधीच गेल्यालं. मॅडम म्हणायच्या, 'मावशी, सहज चाला.' आई म्हणायची, 'सहज म्हंजी कसं गं बाई? तीस वर्सं चालतीय, आजपतूर कुणी वाईट चाललीस म्हणलं न्हाय!'

हे मला कुणी सांगितलं? रातच्या जेवणाला तिनंच. कारण मी तितं न्हवतो. मी कुठं हुतो? बारामतीला, थेटरात, हिरो एकटा साठ जणांना हाणताना शिट्ट्या मारत. आईचा फोन आला हुता, 'ज्ञाना, ये की रं, माझं शूटिंग हाय, हसत्यात सगळी.' मी म्हणलं, 'मधी फोन करू नगो, फायटिंग चाललीय. तुझा पिच्चर आला की बगीन.'

आला की बगीन.

मागल्या श्रावणात आईला ताप आला. अप्पा म्हणला, 'डाळिंबाची गाडी भरू दे, मग नेऊ दवाखान्यात.' दादासाहेब वट्यावर बसून म्हणलं, 'ताप काय, येतो न् जातो.' ताप आला, आईच गेली. आठव्या दिवशी. मी बी घरातच हुतो, मी तरी कुठं गाडी काढली? मोठी मानसं म्हणत्यात, इचार केला आसंल...

आन् आमच्याकडं तिचा एक व्हिडिओ न्हाय, तुमाला पटंल का? फोन काढला की पदर तोंडावर! पुढचा दात पडल्याला, 'मेल्या, माझं बोळकं दावतो का लोकांना?' भितीवरचा फोटो आधार कार्डावरनं मोठा करून घेतलाय, त्यात ती चोर पकडल्यागत बगती.

म्हणून तुमाला सांगतो, पिच्चर पुरस्काराला निवडला आन् मॅडम स्वतः गावात येऊन दावणार असं कळलं, तवा मी चार रात झोपलो न्हाय. चार मिनिटं! आई! चालताना!

आता गाव म्हणलं की आधी कमिटी. दादासाहेब अध्यक्ष. पैली सभा झाली ती पिच्चरवर न्हाय, फ्लेक्सवर. दादासाहेब म्हणलं, 'पुरस्काराचं पंच कोण हायत? कुणाचं पाव्हणं? बाकीच्या चौघांना समजावून सांगा, आपसात कटुता नगो, बिनविरोध करून टाकू.' सगळी म्हणली, 'मंजूर, मंजूर!' अहो, चाळीस वर्सं सोसायटी अशीच चालवल्याली मानसं, त्यांना वाटतं जग म्हंजी एक सोसायटीच हाय, फक्त चेअरमन जरा लांब ऱ्हातो! फ्लेक्स लागला मंगल कार्यालयाच्या कमानीवर. त्यावर बावीस फोटो. बाविसातला एक बी पिच्चरमदी न्हाय. आन् पिच्चरमदी गावातलं जे एक माणूस हाय, ती फ्लेक्सवर न्हाय.

रविवार, दुपारी बाराचा टाईम. पाव्हणं आलं पावणेतीनला. मग सत्कार. तुमाला सांगतो, फेटा, शाल, नारळ. फेटा, शाल, नारळ! बेचाळीस सत्कार! मॅडमचा झाला, मॅडमच्या ड्रायव्हरचा झाला, कार्यालयाच्या मालकाचा झाला, मालकानं परत दादासाहेबांचा केला. मग पुकारलं, 'कलाकाराचे पती!' आन् आमचा अप्पा उठला. शाल घेतली. नारळ घेतला. दादासाहेबांच्या शेजारच्या सोफ्यावर बसवलं त्याला, आयुष्यात पहिल्यांदा! असा ताठ बसला, जसं काय सतरा वेळा त्योच चालला!

मॅडम दोनच मिनिटं बोलल्या. म्हणल्या, 'मावशींच्या शॉटच्या शेवटी बघा. त्या कॅमेऱ्याजवळ येतात, थांबतात आणि हसतात. ते हसू आम्ही लिहिलं नव्हतं. त्या हसण्यासाठी मी हा सगळा सिनेमा ठेवला.' हसती? आई? कॅमेऱ्याकडं? पदर न घेता?

मी पार मागं, भितीला टेकून. फोन काढला, चार्जिंग शंभर टक्के, हात वर धरून उभा. दारं लावली. पडदा म्हंजी वाढदिवसाला आणत्यात त्यो भाड्याचा एलईडी. ल्यापटॉपवर आमचा ऋषिराज, डीजेवाला. पिच्चर सुरू झाला न् झाला तवर कमिटीतल्या दोघांनी मॅडमला चहाला नेलं, वर, नवरदेवाच्या खोलीत. पाव्हण्याला पंगतीत बसवायचं न्हाय ही आमची रीत! जिनं पिच्चर काढला ती वर, आन् खाली कोण? सोफा!

पैली पंधरा मिनिटं बरी गेली. मग सोफ्यावर चुळबुळ. 'ह्यात कायच व्हईना की.' 'गाणं हाय का न्हाय?' 'मटण झालंय का बग रं.' अरं, पुरस्कारासाठी निवडल्याला पिच्चर हाय, त्यात गाणं कुठनं आणू तुमाला? आन् तेवढ्यात... बांध. लांब, धुक्यागत ऊन, आन् एक ठिपका. ठिपक्याच्या डोक्यावर हिरवा भारा. मी चालीवरनं वळखलं. उजवा पाय जरा ओढत. पुढची दोन पावलं टाकली तिनं, तवर दादासाहेबांचा आवाज, 'आता ही बाई तितनं हितं येईस्तवर आपुन बसायचं का? ऋषा, पुढं घे रं!'

ऋषिराज गडबडला. त्यानं वळून अप्पाकडं बगितलं. काय झालं तरी बायको अप्पाची! सगळ्या सोफ्यानं अप्पाकडं बगितलं. मी मनात म्हणलं, आता बोलतोय बाप. आता तरी! तुमाला सांगतो, अप्पानं शाल सारखी केली, दादासाहेबांकडं बगून हसला, आन् म्हणला, 'घ्या की पुढं. घरचीच बाई हाय, तिला काय बगायचं?'

ऋषिराजनं सोळापट केलं.

आन् आमची आई पळाली. अहो, पळाली! जिचं गुडघं गेल्यालं, जी उंबरा वलांडताना चौकटीला धरायची, ती डोक्यावर भारा घेऊन बांधावरनं अशी दुडूदुडू पळत आली, पाय दिसंनात, भारा गदागदा हलतोय, आन् सगळं कार्यालय हसलं. ख्या ख्या ख्या! बाया हसल्या, पोरं हसली, अप्पा बी हसला. ती कॅमेऱ्याजवळ आली, थांबली, तोंडाचं कायतरी झालं... आन् पुढचा शीन. म्हस पाणी पितीय.

चार मिनिटांची बाई. पंधरा सेकंद.

मी वरडलो, 'मागं घे! ऋषा, मागं घे!' दादासाहेब मान न वळवता म्हणलं, 'कोण रं ते? ज्ञानेश का? गप खाली बस. तुला पिच्चर बगायची अक्कल न्हाय! कालेजात शेवटपतूर बसला न्हाय, हितं तरी बस!' परत सगळी हसली. ऋषिराज हळूच म्हणला, 'भावा, मागनं दावतो तुला एकट्याला.' मागनं म्हंजी कवा? असंच पुढं घेत घेत पिच्चर पाऊण तासात उरकला. भाकरी निवत हुत्या. आन् त्यो एलईडी सहा वाजता कळंबला पायजे हुता, कुणाच्यातरी पोराच्या वाढदिवसाला. मी हात धुवून येस्तवर वायरी गुंडाळल्या हुत्या, आन् मॅडमची डिस्क मॅडमसंगं गाडीत, गाडी हायवेला.

मॅडमना मेसेज टाकला. त्यांनी लिवलं, 'दादा, सिनेमा अजून विकला गेलेला नाही, निर्मात्यांनी कुणालाही द्यायला बंदी केली आहे, मोबाइलवर आला की नक्की बघा.' म्हंजी काय? आला की बगीन! हे वाक्य माझंच हाय, मॅडम, माझ्यावरच का सोडताय?

मागल्या हप्त्यात पुरस्कार लागला. कुणाला? ऊस मधनं तोडणाऱ्याला! पंचांनी म्हणलंय, 'मातीशी असलेली घट्ट नाळ.' आन् 'वाढं'ला काय? एका पेपरानं दोन ओळी दिल्यात, 'चांगला प्रयत्न, पण संथ.' दादासाहेब पारावर म्हणलं, 'मी तवाच बोललो हुतो!' आता पंचांपुढं कोण बोलणार... आपल्याला काय कळतंय पिच्चरमधलं!

माझ्या फोनमदी ती पंधरा सेकंदं हायत. कोपऱ्यात दादासाहेबांच्या फेट्याचा तुरा, मधनं आई पळती, आन् आधी अप्पाचा आवाज, सोच्छ, 'घरचीच बाई हाय, तिला काय बगायचं?' मी त्याला मुद्दाम ऐकवलं. म्हणलं, ऐक स्वतःला! त्यो उठून गोठ्यात गेला.

आन् आता रोज सकाळी चहा घेताना माझ्यापुढं येऊन बसतो. 'ज्ञाना, लाव रं ती.' मी लावतो. ती पळती. संपती. 'आणिक एकदा.' परत पळती. काल मातूर चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला, फोन डोळ्याजवळ धरला आन् मला म्हणतो कसा,

'ज्ञाना... हिला जरा हळू करता येतंय का रं?'

म्हणलं, न्हाय अप्पा. हळू केलं की तुकडं पडत्यात तिचं. आन् हसायच्या जागी तर कायच उरत न्हाय, नुसतं पांढरं.

'आसं व्हय,' म्हणला. कप खाली ठिवला. 'तुला तरी काय कळतंय म्हणा पिच्चरमधलं... लाव, परत लाव.'