तोंडाकडे बघायचं

तारीख चार एप्रिल. सकाळीच इंद्रपुरीत ऊन चटके देत होतं. माझ्या दादाची जुई पाच वर्षांची; तिला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. शाळेची मुलाखत हिंदीत, म्हणून वहिनीने वर्षभर घरात हिंदीच चालवली. तिचा नियम एकच: "बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. दिसलं नाही तर हनुवटी धरून वळवायचं." दादा म्हणायचा, "अगं, मला तरी मराठीत रागाव!"

मुलाखतीला मीही गेले. वहिनीने आधीच सांगितलं, "मॅडम, ये होंठ देखकर समझती है. इसकी तरफ देखकर बोलिए."

"हाँ, हाँ," म्हणत मॅडम लिहीत राहिल्या आणि मान खाली घालूनच म्हणाल्या, "बेटा, नाम बताओ."

जुई खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने दोन्ही हातांनी मॅडमची हनुवटी हळूच वर उचलली.

मॅडम झटक्यात मागे सरल्या. "ये क्या बदतमीजी है? घर में कुछ सिखाया नहीं?"

आता ओठ नीट दिसत होते. जुईने ते वाचले आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत उत्तर दिलं, "सि-खा-या."

जुईला त्या शाळेत प्रवेश मिळाला नाही.