कॅनरीचं गाणं

स्फाक्स शहरातल्या कानाच्या दवाखान्यात म्हातारे हमादी तपासून घेऊन बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या बायकोजवळ येऊन बसले.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"कानातलं यंत्र ठीक आहे म्हणे. आपल्या कॅनरी पाखराचं गाणं त्याला गोंगाट वाटतं, म्हणून गाळून टाकतं."

"मग ते गाळणं बंद करायला सांगा ना."

"ते कंपनीच्या हातात आहे. डॉक्टरणीलासुद्धा बदलता येत नाही."

"अहो, पण कान तुमचे ना?"

"कान माझे गं, यंत्र त्यांचं. सकाळी पिंजऱ्याजवळ बसतो, तर पाखराची नुसती चोच हलताना दिसते."

"माझं बोलणं नाही ना गाळत?"

"नाही, ते सगळं येतं."

"मग सकाळी मी बसते शेजारी. ते काय गातंय, सांगत जाईन."

"तुला कुठे आवडतं त्याचं गाणं?"

"नाहीच आवडत. तुम्ही चला आता."