कडू भाकर कोणाच्या घरची

जमलेल्या बायांनो, भावांनो, पोरापोरींनो,

तुम्ही मले बोलायला उभं केलं. मी शीला, सौंसरच्या शाळेत शिकवते. आपल्या सुनंदाताई इथं पांढुर्ण्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. गेल्या आठवड्यात वर्गातच छातीत कळ आली, अन् दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माणसं एकमेकांशी कशी जोडली जातात, अन् त्या जोडण्यानं त्यांच्या जिंदगीचं काय होते, हे त्या शोधून राहिल्या होत्या. गावोगाव मी त्यांच्यासोबत फिरली. बोलणं त्यांचं, लिहिणं माझं. आज बोलणं माझ्यावर आलं.

सभागृह भरलं आहे. लोधीखेड्याचे आले, रामाकोन्याचे आले, ताईंचे विद्यार्थी दारात उभे आहेत. इतकी ओळख या मुलखात दुसऱ्या कोणाची होती? हे पाहून बरं वाटायला पाहिजे. मले भीती वाटून राहिली.

ताई लोकांच्या ओसरीवर बसून आधी साधंसुधं विचारत. पोराच्या नोकरीची खबर कोणी दिली? पोरीची सोयरीक कोणी सुचवली? संत्र्याच्या बागेला व्यापारी कोणी आणला? लोक भरभरून सांगत. मग शेवटचा सवाल. उद्या तुमच्या घरी मयत झाली, तर कडू भाकर कोणाच्या घरून येईल?

त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, बाहेरून आलेली भाकर खाऊनच घर उभं राहते, हे काय मी तुम्हाला सांगावं? तरी सवाल अशुभच. लोधीखेड्याचे एक बाबा काठी घेऊन उठले. म्हणाले, "बाई, मी अजून जिता हाव. मले आताच काऊन मारून राहिली?" ताई हसल्या, पाणी मागून प्यायल्या, अन् उत्तर घेऊनच उठल्या.

पण कितीतरी घरी वेगळंच होई. आधीच्या सवालांना नावंच नावं, अन् याला एकही नाही. परतताना बसमध्ये ताई म्हणत, शीला, ओळख वेगळी अन् घरोबा वेगळा. ओळखीनं माणसाचं काम होते, घरोब्यानं माणूस जगते. अन् ज्याच्या ओळखी फार, त्याच्या दारी कोणी जात नाही. जो तो म्हणते, त्याले काय कमी, दुसरं कोणी गेलंच असन. मी म्हणायची, ताई, तुम्ही फारच काळं पाहता.

हाच सवाल त्यांनी सगळ्यात पहिले आपल्या आईला विचारला होता. नुसता सराव म्हणून. मी तिथंच होती. मावशी, म्हणजे ताईंच्या आई, शेंगा फोडून राहिल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू हायेस ना वं. तूच आणशीन."

आम्ही तिघी हसलो. त्या घरात मायलेकी दोघीच. दुसरं उत्तर काय असणार? अन् 'आई, तुझ्याआधी मीच गेली तर?' हे काही ताईंनी विचारलं नाही. मलेही सुचलं नाही.

ताई गेल्या त्या दिवशी मोक्षधामात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे रडले. सगळे आपापल्या घरी गेले. मी बसनं सौंसरला गेली. सकाळी परत मावशीकडे आली, तर चूल थंडी. मी विचारलं, काल काय खाल्लं? म्हणाल्या, "पाणी पेली. लोक तं लई होते वं. वाटलं, आणतेच कोणी."

सांगा, कोणाच्या मनात वाईट होतं? कोणाच्याच नाही. सौंसरवाल्यांना वाटलं, पांढुर्णेवाले पाहतील. कॉलेजला वाटलं, मोहल्ला पाहील. मोहल्ल्याला वाटलं, इतकी मोठी माणसं आली, आपली भाकर कुठं पुढं करायची? मीही त्यातलीच.

आता ही पुढची खुर्ची पहा. मावशीसाठी ठेवली. फोटो आला, हार आला, माइक आला. मावशी आल्या नाहीत. उभी राहण्याआधी मी विचारलं, त्यांना आणायला कोण गेलं? प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. मग मी फोन लावला. मावशी म्हणाल्या, "मी कवाची लुगडं बदलून दारात बसली वं. कोणीतरी येते म्हणे न्यायले."

मले धीराचं काही सांगता येत नाही. आज आपण त्यांना आणू. उद्या? परवा? मी सौंसरला, तुम्ही आपापल्या घरी. ताईंनी उभी जिंदगी घालून जे शोधलं, ते आपण त्यांच्याच घरी खरं करून दाखवलं. अन् वरून हार घालून राहिलो.

रीत दोन मिनिटांची आहे. मी दोन मिनिटं मागत नाही. मी आता ऑटो करून रेल्वेच्या पटरीपलीकडे मावशीच्या घरी जाते अन् त्यांना घेऊन येते. तोवर तुम्ही उभे राहा. कोणी भाषण करू नका. कोणी ताईंचं कौतुक करू नका. या रिकाम्या खुर्चीकडे पाहत गप्प उभे राहा.

ताई, नमस्कार घ्या. तुम्ही काळं पाहत नव्हत्या. जे होतं तेच पाहत होत्या.