शैलाचं उतरलेलं वजन

लातूरला आम्ही टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी माझ्या बायकोला, शैलाला, वजन उतरवायला सांगितलं. आठवड्यातच काटा तीन किलोनं खाली आला. शैला लई खूश. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"ताई, दिवसाला पाणी किती पिता?"

शैला हळूच म्हणाली, "लेकरांना, सासूबाईंना आधी लागतं. मी दोन-चार घोट घेते."

"मग चरबी न्हाई, अंगातलं पाणी उतरलंय. पोटभर पाणी प्या. वजन थोडं वाढेल, घाबरू नका."

पुढच्या आठवड्यात काटा वर सरकला. तिचा चेहराच उतरला. "अहो, वाढलं की."

मी म्हणालो, "वाढू दे. आठवडाभर अंघोळ सोडलीय मी त्याच्यासाठी."