दुसऱ्या घंटेला

हॅलो? … कोण? … थांब, पंखा बंद करते, काही म्हणजे काही ऐकू येत नाही… हं, बोल आता… "ओळखा पाहू" काय! हजार पोरं गेली माझ्या हाताखालून. सगळ्यांचे आवाज लक्षात ठेवायला मी काय टेपरेकॉर्डर आहे? … अगं, टाचणी होय! मग आधी सांगायचं ना.

हो, जेवले केव्हाच. तू? … डबा समोर आहे आणि फोन काय करतेस? अर्धाच तास ना तुम्हा नर्सांना जेवायला? … बरं, खात खात बोल. पण घास गिळून.

काय? … हो, पाहिला. सिनेमाचा ट्रेलर पाहिला… एकदाच गं, त्या एवढ्याशा पडद्यावर डोळे दुखतात… दिसले ना. तुझे बाबा दिसले, नट कसला, तेच. शाळेची टोपी तशीच तिरकी… चालसुद्धा, हो, डावा पाय जरासा ओढून… आई काय म्हणाली? … सतरा वेळा? एका दिवसात? … आणि फोन कानाला लावून? बघायचं सोडून कानाला कशाला? … अगंबाई. घंटेसाठी.

…

काही नाही, ठसका लागला. बोल तू… हो ना, आमचा घंटामामा. तशी घंटा नंतर कुणाला वाजवता आली नाही. नव्या शिपायाने वाजवली की आग लागल्यासारखं वाटायचं…

शुक्रवारी? पहिलाच खेळ? … अख्खी गल्ली? किती जण? … अकरा… आईचा गुडघा? जिने आहेत त्या थेटरात… कडेची खुर्ची घेतलीस. बरं केलंस… माझं? माझंही तिकीट काढलंस? न विचारता? … अगं, मी कशाला, मला… ऐक ना… ऐक, टाचणे. पहिल्या दिवशी गर्दी असते. दगडफेक होणार म्हणतात. पोलीस बसवलेत म्हणे थेटराबाहेर. दोन महिन्यांनी घरी बसून निवांत बघा की… "एवढे मोठे बाबा" घरी मावणार नाहीत. हो, तेही खरं…

नाही, नाही, रडत कशाला असेन? ठसका, म्हटलं ना.

तुमच्याकडे काय चाललंय? वॉर्डात? … डॉक्टर म्हणतात सरकारची बदनामी आहे… आणि औषधांच्या स्टोअरवाला? … तो म्हणतो सरकारची बाजू घेतली आहे! दोघांनी पाहिलाय का सिनेमा? … मग भांडतात कशावर? … दीड मिनिटाच्या ट्रेलरवर दीड तास! इथेही तेच. खालचा शिंपी म्हणतो सिनेमा आलाच पाहिजे. वरचे कारकून म्हणतात बंदी घातलीच पाहिजे. चार दिवस अबोला. कारकुनांची विजार शिंप्याकडे अडकलेली. जुनी चढवून जिन्यात येरझाऱ्या घालतात बिचारे, पण मागायला जात नाहीत… हस, हस.

माझं मत? माझं कशाला… बरं, सांगते. बंदी घालावी… हो, मीच म्हणतेय… ठाऊक आहे. पुस्तक न वाचता नावं ठेवू नका, असं वर्गात सांगणारी मीच ती… अगं, हसू नकोस. मी थट्टा करत नाहीये.

न वाचता म्हणत नाहीये मी. मी वाचलाय तो… सिनेमा. कागदावरचा. खिडकीवाल्याने पाठवला होता… खिडकीवाला कोण म्हणजे? तुमचा तो मोठा दिग्दर्शक. आज जगभर बक्षिसं घेत फिरतो, पण माझ्या वर्गात तो खिडकीवालाच. चौथी, तिसरा बाक, खिडकीजवळचा. फळ्याकडे दहा मिनिटं, बाहेर चाळीस.

घास संपला का तोंडातला? … मग डबा जरा बाजूला ठेव.

त्या दिवसाचं तुला कितीसं आठवतंय? … पहिलीत होतीस तू. टेबलाखाली बसवलं होतं तुम्हाला… हो, मोर्चा. लाठ्या सुरू झाल्या, लोक शाळेच्या फाटकाकडे धावले, आणि फाटकाला कुलूप. तिघं गेले चेंगरून… हं. तेच सगळं आहे सिनेमात.

सांगते. मध्ये बोलू नकोस, मग मला जमणार नाही. सिनेमात तुझे बाबा कुलूप लावतात. बाहेरून लोक "उघडा, उघडा" म्हणून गज हलवताहेत. बाबा किल्ल्यांचा जुडगा खिशात घालतात. फाटकाकडे पाठ करतात. मग मागच्या भिंतीवर चढतात आणि… पलीकडे उडी मारून पळून जातात… हो. पळून… एवढंच. पुन्हा दिसत नाहीत.

…

टाचणे? … हळू, हळू. ओरडू नकोस, पेशंट झोपले असतील… ठाऊक आहे मला… ठाऊक आहे गं, ते पळाले नव्हते… डॉक्टरला आणायला गेले होते, पुढून वाट नव्हती म्हणून मागून… मला काय सांगतेस, मीच पाठवलं होतं!

नाही, तो खोटारडा नाही. खोटारडा असता तर बरं झालं असतं, कान तरी धरला असता. तो खिडकीत होता ना! नऊ वर्षांचं पोर. खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं त्याने पाहिलं. मामांनी कुलूप लावलं, त्याने पाहिलं. मामा भिंतीवरून गेले, त्याने पाहिलं. डॉक्टरला घेऊन पुढच्या रस्त्याने परत आले, तेव्हा मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. मुलांनी बाहेरचं बघू नये म्हणून…

हो ना. मीच.

"वाचलं तेव्हा बोलला का नाहीत?" … विचार, विचार. विचारायलाच हवं. ते सांगायलाही तोंड नाही मला. दोन वर्षांपूर्वी आला होता तो. पाया पडायला वाकला, कंबर धरून उठला, पन्नाशीला टेकलाय आता. म्हणाला, बाई, तुम्ही तपासल्याशिवाय मी शूटिंग सुरू करणार नाही. दीडशे पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मला काय वाटलं सांगू? मला बाई आनंद झाला. आठ वर्षांनी कुणीतरी तपासायला काहीतरी दिलं होतं. लाल पेन शोधून काढलं. पहिली वीस पानं नीट वाचली. शाळा, मैदान, घंटा… इतकं सुंदर लिहिलं होतं! मग डोळे थकले. आणि मग… तुला ठाऊक आहे ना, आम्ही वह्या कशा तपासतो? पन्नास वह्यांचा ढीग, जेवायच्या सुट्टीत. पान उलटायचं, बरोबरची खूण, खाली सही. पान, खूण, सही… हो. प्रत्येक पानावर. तारखेसकट.

शेवटी "शाबास" लिहिलं वर.

कळलं कधी? ट्रेलर पाहिल्यावर. कुलपाच्या जागी त्यात फक्त हात आहे आणि किल्ल्या आहेत, पण मी उठलेच. माझी प्रत काढली कपाटातून. शहाण्णवावं पान. खाली माझी लाल सही, कशी टपोरी!

केला ना फोन! चार दिवस करत होते. सर मीटिंगमध्ये आहेत, सर विमानात आहेत… परवा बोलला एकदाचा. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, बाई, सिनेमा थेटरांकडे गेला, आता माझ्या हातातही नाही. आणि म्हणाला… म्हणाला, तुम्हीच निबंधाच्या तासाला सांगायचात ना, दुसऱ्याचं ऐकून लिहू नका, डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. मी तेच केलं, बाई.

शंभरपैकी शंभर द्यावेत असं उत्तर.

पेपरवाला? तेही केलं. एक मुलगी आली होती, वार्ताहर. तिने आधी विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूच्या? मी म्हटलं, फाटकाच्या आतल्या. तिने वही मिटली. मग कंपनीच्या वकिलाचा फोन आला, फार गोड आवाज. म्हणाला, आजी, प्रत्येक पानावर तुमची सही आहे, आता काही बोललात तर लोकांना वाटेल वय झालं… नाही, धमकी नाही दिली. काळजी घ्या म्हणाला. पुढच्या रांगेचे दोन पासही पाठवले.

आणि ते दोन्ही पक्षवाले! एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण कालपासून बघ, ट्रेलरमधल्या किल्ल्या पाहून एका बाबतीत एकमत. सरकारवाले म्हणतात, माणसं लाठीने मेली नाहीत, शिपायाने कुलूप लावलं म्हणून मेली. मोर्चावाले म्हणतात, शिपाई फितूर होता. भांडण चालू आणि मधे बिचारा एकच माणूस, तोही… हो गं, तोही बोलायला नसलेला.

टाचणे, अजून एक आहे. हे सांगायचं राहिलंय म्हणून तुझा फोन आला की मी आधी जेवणाखाणाचंच काढायचे. इतकी वर्षं… बरं. कुलूप तुझ्या बाबांनी लावलं, पण सांगितलं मी. मी ओरडले त्यांच्यावर. ते म्हणत होते, बाई, लोक येऊ देत आत, पोरं वर्गात सुरक्षित आहेत. आणि मी म्हणाले, दोनशे मुलं आहेत माझ्याकडे, लावा कुलूप. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी लावलं. आणि चौकशीत त्यांनी सांगितलं, मी माझ्या मनाने लावलं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. पदर… काय ते… हातातला रुमाल पिळत बसले होते. बोलले नाही. सहा महिने त्यांना घरी बसवलं, तरी बोलले नाही.

…

हॅलो? … आहेस ना? … काहीतरी बोल. शिवी दे हवी तर…

काय? … माहीत आहे? … तुला? … कधीपासून? … आठवीत असल्यापासून. आईला सांगत होते, तू पांघरुणातून ऐकलंस… काय म्हणाले होते? पुन्हा सांग, पंखा बंद आहे, तरी ऐकू येत नाहीये… "माझं काय, मला घंटा वाजवायची आहे. बाईंना रोज मुलांसमोर उभं राहायचंय." … असं म्हणाले?

…

आणि तरी दर परीक्षेचा निकाल आधी माझ्याकडे घेऊन यायचीस? … नर्स झालीस तेव्हासुद्धा, गणवेश घालून… मी आरशासमोर उभं केलं होतं तुला. अगं, मग कधीतरी बोलायचंस ना… बाबांनी शपथ घातली होती. हं. असेलच घातली.

नाही, मी नाही म्हणत माफ कर. मला फक्त… चौकशीचे कागद कुठल्या तरी कपाटात कुजून गेले गं. सिनेमा कुजत नाही. तुझी मुलं बघतील, त्यांची बघतील.

तिकिटं परत? … बरोबर आहे. परत करून टाक. गल्लीला सांग… हो, गल्लीला काय सांगणार? ते बघणारच. आणि आई? … कपडे इस्त्री करून ठेवलेत. हं… नाही नेलंस तर विचारेल का नाही, आणि नेलंस तर…

काय? … कितव्या मिनिटाला? मिनिट कसं सांगू मी, मला पानं ठाऊक… का? … अच्छा.

अच्छा. कडेची खुर्ची आहे, नाही का?

थांब, प्रत आणते. ठेवू नकोस फोन… हं. ऐक नीट. लिहून घे, कागद आहे का? … औषधाच्या चिठ्ठीमागे लिही, चालेल. पहिली घंटा अगदी सुरुवातीला आहे. बाबा मैदानात उभे, मुलं भोवती नाचताहेत. ती बघू दे तिला. सगळी बघू दे, फार छान लिहिलंय, वीस पानं मी स्वतः वाचली आहेत. मग बाबा एका लहान मुलीच्या बुटाचा बंद बांधतात… असशील, तूच असशील. तेही बघा. मग मध्यांतर. मध्यांतरानंतर मोर्चा दिसतो, ढोल वाजतात, तेव्हा घाबरू नका, बसून राहा. मग दुसरी घंटा. लांबलचक, थांबतच नाही. ती सुरू झाली की उठायचं. लगेच. आईला म्हण, बाथरूमला जाऊ, म्हण, पाणी पिऊ, काहीही म्हण. गुडघ्याने वेळ लागेल, तेव्हा पहिल्या टोल्यालाच उठवायचं. दाराबाहेर पोचेपर्यंत पडद्यावर कुलूप लागलेलं असेल.

किती वेळ बाहेर? … दहा पानं. दहा मिनिटं धर. मग परत आलात तरी चालेल, पुढे त्यांचं नाव नाही कुठे.

मी? मी येते ना. तिकीट काढलं आहेस… पुढच्या रांगेत नको, तुमच्याच रांगेत… नाही, मी नाही उठणार. मी बसून बघेन. शहाण्णवाव्या पानावर माझी सही आहे.

लोक शिट्ट्या वाजवतील, ओरडतील… काय करणार म्हणजे? अंधारात एक म्हातारी उभी राहून ओरडली, तर "ए, खाली बस" म्हणतील… तरी बघते. बघते, म्हटलं. वचन नको मागूस.

आईला यातलं काही… हो, तेच. तिला फक्त घंटा ऐकू दे.

ते काय वाजतंय तिकडे? … वॉर्डाची बेल? मग जा. जा, पेशंट खोळंबला असेल… डबा? तसाच राहिला ना? मी म्हटलं होतं, खाऊन मग फोन कर… शुक्रवारी, हो… कडेच्या खुर्चीत आई, मग तू, मग मी…

टाचणे, थांब, वाचून दाखव एकदा. काय लिहिलंस? …

बरोबर. दुसऱ्या घंटेला.

जा आता.