पूजेतली आडपट्टी

पोलीस ठाणे नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. उस्मानाबाद.
जबाब, माहे ऑक्टोबर, सन १९७२.

नाव: सारजाबाई भ्र. उत्तरेश्वर पांचाळ. वय: अंदाजे पस्तीस वर्षे. धंदा: लाकूड कारखान्यात मजुरी. राहणार: जळकोट.

मी वर लिहिलेली सारजाबाई, ठाण्यात आपल्या पायांनी चालत येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी जळकोट येथे पती व सासू यांच्यासह राहते. पतीचे नाव उत्तरेश्वर. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण नावाशिवाय माणूस शोधता येत नाही असे हवालदारसाहेबांनी सांगितले म्हणून घेते. माझे पती दसऱ्याच्या सकाळपासून घरी नाहीत. त्यांना शोधून द्यावे एवढ्याच कामासाठी मी आले आहे. बाकी जे सांगते ते त्यांच्याबद्दल जे उलटे लिहिले गेले आहे ते पुसावे म्हणून सांगते.

आमच्या गावात बोरीकाठ सुतार-लोहार सहकारी संस्थेचा कारखाना आहे. माझे पती तिथे मिस्त्री आहेत. विरुपाक्ष बडिगेर हे त्यांचे जोडीदार. दोघे एकाच गुरूच्या हाताखाली रंधा धरायला शिकले. भांडतातही रोज, आणि जेवायला बसताना एकमेकांची वाटही पाहतात. संस्थेने सोलापूरच्या एका बंद पडलेल्या वखारीतून मोठा बँडसॉ आणला. त्याचे वरचे चाक माझ्या डोक्याच्या वर जाते. दोन चाकांवरून पात्याचा वेढा फिरतो आणि मधल्या टेबलावर लाकूड कापले जाते. एका सभासदाच्या विहिरीला पाणी उरले नाही, तेव्हा त्याचे इंजिन मोकळे झाले. ते आणून त्यावर मशीन चालवतात. लाकूड पुढून एकजण लोटतो आणि मागून दुसरा ओढतो. ओढायचे काम माझे आहे.

मशीन आले तेव्हा त्याला आडपट्टी नव्हती. आडपट्टी म्हणजे पात्याच्या शेजारी टेबलावर घट्ट बसवलेली सरळ भिंत. लाकूड तिला टेकवून लोटले की सरळ कापले जाते आणि हात पात्यापासून लांब राहतो. ती कशी असावी यावर दोघांचे फार वाजले. विरुपाक्ष म्हणाले, हलकी घेऊ, एका माणसाला काढता-घालता आली पाहिजे. माझे पती म्हणाले, आपल्याला बाभूळ कापायची आहे, वाकडी आणि गाठीची. पट्टी उंच आणि जड पाहिजे, बाभळीने धक्का दिला तरी हलता कामा नये. शेवटी दोघे मिळून सोलापूरला गेले आणि बिडाची उंच पट्टी घेऊन आले. ती उचलायला दोन माणसे लागतात. विरुपाक्ष गावभर सांगत फिरले की, मिस्त्रीनं मशीनला बायको आणली, तीबी त्याच्यासारखीच हट्टी. हे लिहायची गरज आहे काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले. गरज आहे, असे मी सांगितले.

यंदा पाऊस नाही हे मी वेगळे सांगायला नको. दुष्काळी कामासाठी सरकारातून टिकाव आणि फावडी आली, ती बिनदांड्याची आली. दांडे करून द्यायचे काम संस्थेला मिळाले. दसरा झाला की रस्त्याचे काम सुरू होणार होते. ज्याच्या हातात दांड्याचे फावडे नाही त्याला हजेरी नाही, असे सगळीकडे बोलले जात होते. लोक कारखान्याच्या दारात येऊन बसत. बायका पोरे काखेत घेऊन बसत. कुणी आरडाओरडा करत नव्हते. नुसते बसून आमच्याकडे बघत, आणि ते बघणे मला सहन होत नव्हते.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. पूजा झाली की दसऱ्याच्या पूजेपर्यंत हत्यार जागचे हलवत नाहीत. करवत, किकरे, रंधे, वाकस असे सगळे घोंगडीवर मांडले. बँडसॉ काही उचलून घोंगडीवर ठेवता येत नाही. म्हणून मशीन आल्यापासून अशी पद्धत पडली आहे की त्याची आडपट्टी सोडायची आणि मशीनच्या नावाने तीच पूजेला मांडायची. त्याप्रमाणे दोघांनी ती उचलून पाटावर ठेवली. माझ्या पतींचा उपास होता, पूजा त्यांनी केली. यंदा झेंडू उगवला नाही, म्हणून बाभळीची पिवळी फुले वाहिली. मी हळदी-कुंकू लावले.

पूजा आटोपली तेव्हा संस्थेचे चिटणीस मल्लिनाथअप्पा आले. दांडे कमी पडतात, काही करून मशीन चालू करा, असे ते म्हणाले. त्यांनी दमदाटी केली नाही. दाराकडे हात करून एवढेच म्हणाले, "ह्यान्ला काय सांगू, तुमीच सांगा."

माझे पती म्हणाले, "पट्टी पूजंत हाय. पट्टीबिगर बाभळीला म्या हात लावणार न्हाय."

तेव्हा विरुपाक्ष म्हणाले, "पूजा पट्टीची झालीय, मशीनची कुठं झालीय? मशीन मोकळंच हाय की. पट्टी देवापाशी बसू दे, दुसरी लावू."

हे बोलणे सगळ्यांना पटले. मलाही पटले. देवाचे देवाला आणि लोकांचे लोकांना, दोन्ही नीट झाले असे वाटून दारातल्या बायकासुद्धा हसल्या. आमचे शहाणपण ते एवढेच.

दुसरी पट्टी कुठली लावायची हे बघायला बराच वेळ गेला. लोखंडी अँगल होता, तो बुटका पडला. कडुलिंबाची फळी होती, ती पिळलेली निघाली. शेवटी जुन्या दाराची सागवानी फळी सापडली. ती सरळ होती. ती उभी करून दोन शिकंज्यांनी टेबलाला आवळली. आवळली माझ्या पतींनी. मग तिच्यावर मूठ मारून बघितली आणि म्हणाले, "विरुपाक्षा, हिला जीव न्हाय रं. हलतीय." विरुपाक्ष म्हणाले, "उद्यापातूर तर काढायची हाय." माझ्या पतींनी पुन्हा आवळली.

एरवी लाकूड लोटायला माझे पती असतात. त्या दिवशी विरुपाक्षांनी त्यांना बाजूला केले. "तू उपाशी हाईस, पूजंचा हात हाय तुझा. आज मी लोटतो," असे ते म्हणाले. माझे पती इंजिनपाशी गेले. मी मागे ओढायला उभी राहिले.

बरेच दांडे निघाले. दारातल्या काहींना तिथल्या तिथे मिळाले, ते घेऊन गेले. मग एक गाठीचे लाकूड आले. गाठ पात्याला लागली, लाकडाने धक्का दिला आणि फळीचे माझ्याकडचे टोक सरकले. ते मी पाहिले. मी ओरडले, पण इंजिनपुढे माझा आवाज काय ऐकू जाणार? लाकूड टेबलावर उलटले आणि विरुपाक्षांचा लोटणारा हात लाकडावरून घसरून पुढे गेला. तो उजवा हात होता. यापुढचे दवाखान्याच्या कागदात आहे, ते मला सांगायला लावू नये.

माझ्या पतींनी इंजिन बंद केले, डोक्याचा फेटा सोडून हात बांधला आणि विरुपाक्षांना उचलून सडकेवर नेले. सोलापूरकडे जाणारा ट्रक थांबला. विरुपाक्षांची बायको नागम्मा ट्रकात बसली. ट्रकवाल्याने आणखी माणूस घेतला नाही. माझे पती ट्रक दिसेनासा होईपर्यंत सडकेत उभे होते. मग कारखान्यात येऊन पूजेपुढे बसले. मी घरी चला म्हणाले. ते म्हणाले, "सारजे, ती जागा माजी होती. माज्या जागी उभा व्हता त्यो." त्यांनी उपास सोडला नाही.

दसऱ्याच्या सकाळी, विरुपाक्षाला बघून येतो, असे आईला सांगून ते निघाले. मला वाटले, बरे झाले, त्याला डोळ्यांनी पाहतील आणि मोकळे होतील. दोन दिवसांनी नागम्माने कुणाबरोबर तरी निरोप धाडला की, मिस्त्री अजून आले कसे नाहीत, असे विरुपाक्ष सारखे विचारतात. तेव्हा मला समजले की ते दवाखान्यात पोचलेच नाहीत.

तेव्हापासून मी शोधते आहे. जळकोटापासून सडकेच्या दोन्ही अंगांच्या विहिरी मी वाकून पाहिल्या. कुठल्याच विहिरीत पाणी नाही, तळाचा खडक उघडा दिसतो. दुष्काळाचे उपकार मानावे असे एवढेच एक वाटले. दुष्काळी कामावर जाऊन पाहिले. तिथे माणसांची रांगच रांग आहे, सगळ्यांची तोंडे धुळीने माखलेली आणि फडक्याने बांधलेली. मी एकेकाच्या समोर जाऊन उभी राहिले. मुकादमाने मला वेडी समजून हाकलले. त्या माणसांच्या हातांत आमच्याच कारखान्याचे दांडे होते, ते मी ओळखले. आमचे कुलदैवत सोनारीचा भैरोबा आहे, तिथेही भावकीतला माणूस पाठवला. तिथेही कुणी पाहिले नाही. माझ्या सासूबाई दाराला कडी लावू देत नाहीत.

मल्लिनाथअप्पांनी दिलेल्या वर्दीत असे आहे की, उत्तरेश्वर मिस्त्रीने कुणाला न विचारता आडपट्टी काढली, निष्काळजीपणे मशीन चालवले आणि तो फरारी झाला. हे मला आज हवालदारसाहेबांनी वाचून दाखवले. अप्पा माझ्याकडे परवा आले होते. "सारजाबाई, पट्टी आपण सगळ्यांनी सोडली म्हणलं तर संस्था बंद पडंल, सगळ्यांची चूल इजंल. मिस्त्रीचं नाव लावू दे. त्यो तर आता गेलाच," असे ते म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या घरी बसून ते रडले. पण "गेलाच" हे त्यांनी कशावरून ठरवले? मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला होता तो परत घेतला आणि उठा म्हणाले.

विचारल्यावरून सांगते की, पट्टी पूजेला मांडायची पद्धत सगळ्यांची. दुसरी पट्टी लावू ही सूचना विरुपाक्षांची. हे सांगताना मला लाज वाटते, कारण ज्याचा हात गेला त्याच्यावरच मी बोट दाखवते आहे. माझे पती इथे असते तर त्यांनी मला हे बोलू दिले नसते. त्यांनी हे कधीच सांगितले नसते, आणि म्हणूनच ते निघून गेले असे मला वाटते. मीही सांगणार नव्हते. मला हे सांगायला नागम्माने लावले. ती सोलापूरहून काल आली आणि आज माझ्याबरोबर इथपर्यंत चालत आली. आत्ता बाहेर ओट्यावर बसली आहे. वाटेत ती म्हणाली, "अक्का, समदं लिव्हायला सांग. माजाच नवरा म्हणला व्हता दुसरी लावू म्हणून, शुद्धीवर आल्यापास्नं त्योबी तेच सांगतोय. हात गेला त्यो गेला. माणूस तरी माघारी आण."

बिडाची आडपट्टी अजून कारखान्यात पाटावर आहे. दसऱ्याला ती कुणी उचलली नाही. कुंकू वाळले आहे आणि फुलांचा चुरा झाला आहे. अप्पा ती मशीनला लावायला माणसे घेऊन आले होते, तेव्हा मी पाटापुढे आडवी पडले. साहेबांना पंचनामा करायचा असेल तर तिथेच करावा आणि पट्टी कुठे होती ते कागदावर घ्यावे.

माझे पती अंगाने उंच आहेत, उजव्या भुवईवर वाकसाचा जुना वण आहे, डोक्याला फेटा नाही. ते सापडले तर बेडी घालू नये. त्यांना आधी मी वाट पाहते, घर वाट पाहते असे काही सांगू नये, त्याने ते येणार नाहीत. त्यांना विरुपाक्षांचा निरोप सांगावा. तो नागम्माने आणला आहे, तो तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा: "पट्टी दोघांनी मांडलीया, दोघांनीच उचलायची. एक हात हाय माजा. दुसरं टोक धराया ये म्हणावं."

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला हळू आवाजात एकदा आणि मी सांगितल्यावरून मोठ्याने पुन्हा एकदा, ओट्यापर्यंत ऐकू जाईल असा, वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. लिहिता येत नाही म्हणून अंगठा देते. नागम्मा भ्र. विरुपाक्ष बडिगेर हिच्या अंगठ्याची गरज नाही असे तिला समजावले. तरी ती आत येऊन माझ्या अंगठ्याशेजारी तिचा अंगठा उठवून गेली आहे.