माझ्याच घरात परवानगी

—न्हाय न्हाय, तू आधी माझं ऐक. दुकानात फोन करून मी काय सांगितलंतं? कम्प्युटरमधला जाणकार माणूस पाठवा म्हटलंतं. आणि आलीस तू. बरं, आलीस तर आलीस – गैबी टेलरची नात म्हणालीस न्हवं? आफशीन? तुझ्या आज्ज्यानं आम्हा गेटवाल्यांची खाकी कापडं शिवल्यात, वळखतो मी त्येला – पण तू आल्या आल्या मलाच इचारतीस, ‘काका, ह्या कम्प्युटरचा मालक कोण?’ मालक कोण म्हंजे? घर कुणाचं? दारावरची पाटी वाचलीस का येताना? पिराजी उलपे, कसबा बावडा. त्योच मी.

हां, दाब. दाबलंस? आला का त्यो चौकोन? ‘ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या.’ काय बी करायला जावा, ह्योच फुडं. नवीन टाकाय गेलं – चौकोन. जुनं काढाय गेलं – चौकोन. माझ्याच घरात मला परवानगी मागतंय! अगं, साखर कारखान्याच्या गेटवर हयात गेली माझी. सीझनला उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्याला लागायची, पण माझा हात वर झाल्याबिगर एक चाक आत गेलेलं न्हाय. आणि ह्यो काल-परवाचा कम्प्युटर मला अडवतोय.

कम्प्युटर कशाला अडवंल म्हणा, तिनं केलंय हे. संयोगितानं, माझ्या सुनंनं. – न्हाय, घरात न्हाय ती, पुण्याला गेलीया. नोकरी लागली म्हणं. नातीला घेऊन गेली, मोनाला. – पोरगा? न्हाय त्यो. सांगलीवरनं येताना गाडीला ट्रकची धडक... असू दे, त्ये कशाला आता. धैर्यशील नाव. त्येनं घेतलेला कम्प्युटर ह्यो. मग पोराच्या माघारी बापाचा झाला का न्हाय? झाला की. संपला प्रश्न.

तर आता काय करायचं ते नीट ऐक. तिचं अकाउंट काढून टाक. मला वरचं, ॲडमिनिस्ट्रेटरचं अकाउंट दे, आधी हुतं तसं. आणि ह्या पेनड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर परत बसव, तिनं काढून टाकलंय ते. – कसलं म्हंजे? सॉफ्टवेअर हाय, बसव म्हटल्यावर बसवायचं. नाव कशाला वाचत बसलीस?

वाचलंस? मग वाच. लक्ष ठेवायचं हाय. ल्हान पोरं कम्प्युटरवर काय बघत्यात ते आईबापाला फोनवर दिसतंय. चोरीचं काय न्हाय त्यात, मोबाइलच्या दुकानातल्या ज्ञानूनं बसवून दिलतं, नातीसाठी पायजे म्हणून सांगितलतं मी त्येला. – मोना? पहिलीत. – न्हाय, तिला कुठलं कम्प्युटरचं कळतंय... अगं, तू पोलीस हाईस काय? काम सांगितलंय ते कर की!

व्हय, सुनंवर ठेवलतं लक्ष. मग? ती दार लावून बसायची हितं वर, ह्याच खोलीत. खालनं हाक मारली, ‘काय चाललंय?’ तर ‘काम, मामा.’ एवढंच. कसलं काम? कुणासंगं? धैर्यशील गेल्यावर तरणी बाई दार लावून बसती, माणसानं काय समजायचं? आणि दिसलं काय? काय न्हाय. बाप्या न्हाय, गडी न्हाय, नुसते आकडे आणि रकाने. कुणाकुणाचे हिशेब करून द्यायची. मी म्हटलं, चला, सुटलो. तरी बघायचं थांबलो न्हाय – सवय लागती माणसाला – आणि मग एक दिवस दिसलं की पुण्याच्या कंपनीशी बोलणं चाललंय. ‘मुलीची शाळा तिथंच बघते’ असं लिहिलं हुतं. मुलीची शाळा! माझ्या मोनाची! आणि मला एका शब्दानं इचारलेलं न्हाय.

मुलाखत कम्प्युटरवरच होती. कधी हाय ते मला फोनात दिसलंतंच. जिन्याखाली गेलो, त्यो वायफायचा डबा हाय न्हवं, दिवे लुकलुकत्यात त्यो, त्येची वायर काढली. वर तिची नुसती पळापळ. ‘मामा, नेट गेलं!’ म्हणून वरडाय लागली. म्हटलं, ‘सगळ्या बावड्यातच गेलंय, आपलंच न्हाय.’ वायर माझ्या हातात. – अशी काय बघतीस? खून केला का मी कुणाचा? पोरगा गेला, आता नात बी चालली, आणि मी काय गेट उघडून सलाम ठोकायचा? सांग की.

तिला कसं कळलं? मोनानं सांगितलं. माझ्या मांडीवर बसून फोन बघत हुती, आणि वरडली की, ‘आई, तुझा कम्प्युटर आबांच्या फोनमधी दिसतोय!’ पोर ती, तिला मज्जा वाटली. संयोगिता आली. फोन बघितला, माझ्याकडं बघितलं. मग भांडायचं की! शिव्या घालायच्या, भांडी आपटायची, मी बी चार बोललो असतो, मिटलं असतं. न्हाय. वर गेली, दार सताड उघडं टाकलं आणि माझ्या डोळ्यांदेखत बसून एकेक काढत गेली. ते सॉफ्टवेअर काढलं. पासवर्ड बदलले. माझं अकाउंट वरचं हुतं ते खालचं केलं – बघायचं तेवढं बघा, हात कशाला लावायचा न्हाय. मग खाली आली आणि त्या वायफायच्या डब्याची वायर हातानं चाचपून बघितली. जयसिंगपूरला भावाकडं गेली, तिथनं दुसऱ्यांदा मुलाखत दिली आणि झाली पास. जाताना पाया पडली. पाया! ‘कम्प्युटर ह्यांचा हाय, हितंच ऱ्हाऊ दे,’ म्हणाली.

आता कळलं न्हवं सगळं? मग कर. – करत न्हाय म्हंजे? तिला इचारावं लागंल? पुन्हा परवानगीच! फोन लावायचा न्हाय तिला, सांगून ठेवतो. ठेव तो मोबाइल खाली. मी बी तिचा फोन उचलत न्हाय. कशाला उचलू?

ह्यो आवाज? कम्प्युटरचाच हाय. वाजू दे. ह्या टायमाला वाजतंय रोज, शाळा सुटली की मोना पुण्यासनं व्हिडिओ कॉल लावती. ते चित्र येतंय तिचं, वेण्या घातलेलं – बघ, आलं. संयोगितानंच करून ठेवलंय काय तरी जाण्याआधी. – मी काय करतो? काय करणार, बसतो हितं फुडं. वाजायचं थांबलं की जातो खाली. – उचलायचं? मी कसं उचलू? त्यो चौकोन येणार, पासवर्ड मागणार, आणि पोरीफुडं माझी... – येत न्हाय?

येतच न्हाय चौकोन? ह्येला परवानगी लागत न्हाय? तिनं मोकळं ठेवलंय हे?

कुठलं, हिरवं बटण? थांब, तू दाबू नको. हात काढ. – आणि कुठं बघायचं असतंय, त्या वरच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्यात? बरं. कळलं. काय सारखं सारखं सांगतीस, कळलं म्हटलं न्हवं? ऊठ तू. पिशवी उचल आणि जा. – जा म्हणतोय न्हवं! थांबंल की ते वाजायचं! आणि दार ओढून घे.